सोमवारचा उंचवटा

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये खिडकीजवळ एक मशीन आहे. त्याच्यापुढे खुर्ची नाही. त्यावर कोणी बसून काम करायचं नसतं, उभ्याउभ्या बघायचं असतं. कॉलेजला इंटरनेटची एकच लाईन आहे. तिच्यातून किती माहिती आत आली आणि किती बाहेर गेली, हे ते मशीन दर पाच मिनिटांनी मोजतं आणि त्याचा ग्राफ काढतं. आत आलेली माहिती हिरव्या रंगाने भरलेली, बाहेर गेलेली निळ्या रेषेत. एकाखाली एक चार ग्राफ असतात: दिवसाचा, आठवड्याचा, महिन्याचा आणि वर्षाचा.

दुसऱ्या वर्षाला असताना ते मशीन माझ्याकडे आलं. सरांनी वर्गात विचारलं होतं, रोज सकाळी अर्धा तास लवकर कोण येईल? मी हात वर केला. वर्गात हात वर करायची माझी ती पहिलीच वेळ असावी. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. आबा तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलतात. साताऱ्याकडून इकडे आले तेव्हापासून तेच काम करतात. कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत वर्तमानपत्र येतं ते डब्यात घालायच्या भाकरीला गुंडाळायला. त्यामुळे लॅबची किल्ली माझ्या हातात आली तेव्हा मला जरा भीतीच वाटली. आपल्याकडून काही बिघडलं तर, ही ती भीती. पुढे बिघडलंच, पण मशीन नाही बिघडलं.

पहिल्या आठवड्यात मी एक प्रिंट घरी नेली. आबांनी हात पुसून ती दिव्याखाली धरली.

"ह्ये डोंगर कुठलं काढल्यात?"

"डोंगर नाहीत आबा. माहिती किती आली त्याचा ग्राफ आहे."

"कुठनं आली?"

"बाहेरून. तारेतून."

"आन् दुपारचा एवढा ढीग, सांजंला काय न्हाई?"

"संध्याकाळी लॅब बंद होते ना."

"म्हंजी आमच्या मार्केटावानीच की. फकस्त आमचा डोंगर पहाटं असतोय." ते आईला म्हणाले, "बघ गं, पोरगी मालाची आवक बघती."

मला ते फार आवडलं. नंतर कोणी विचारलं, तुझं काम काय, की मी मनात म्हणायची, आवक बघते.

सर मला 'हवामान खातं' म्हणत. "काय हवामान खातं, आज काय म्हणतोय ग्राफ?" ते हे सगळ्यांसमोर विचारायचे आणि मी खाली बघून उत्तर द्यायची. तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणायची, "आज समुद्र खवललेला हाय, होड्या काढू नका." सगळे हसायचे. मीही हसायची.

ती माझी मैत्रीण. हजेरीच्या यादीत आमचे नंबर लागून होते, म्हणून पहिल्या दिवसापासून शेजारी बसलो. ती शिरवण्याची, तिथल्या मूळच्या घरातली. तिच्या वडिलांची भातशेती नवं शहर होताना गेली. आता त्यांच्या चाळीच्या खोल्यांत कारखान्यांतले कामगार भाड्याने राहतात. ती डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. मला 'सातारवाले' अशी हाक मारायची. माझी भाकरी बघून म्हणायची, "ही भाकर हाय का ढाल गो?" आणि मग तीच जास्त खायची.

तिच्या घरून कॉलेजला परवानगी होती, पण एका अटीवर. ती अट तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती, वडिलांच्या आवाजाची नक्कल करून. "कालेजातशी एक जरी चिट्टी आली नं, का दुसरे दिशी घरान बसाचा." सांगताना ती हसत होती. पण लॅबच्या वहीत सही करताना, फीची पावती घेताना, ती दोन-दोनदा तपासून बघायची. आपल्या नावापुढे काही चुकीचं लिहिलं जाऊ नये, हे तिच्याइतकं जपणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही.

आता मशीनच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरूनच झालं.

त्या मशीनच्या आत एक छोटी बॅटरी असते. मशीन बंद असलं तरी तिच्यावर आतलं घड्याळ चालू राहतं. आमच्या मशीनची ती बॅटरी संपत आली होती. आमच्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. लॅबचा बॅकअप अर्धा तास पुरतो, मग सगळं बंद. मशीन बंद झालं की आतलं घड्याळही थांबायचं, आणि लाईट आल्यावर जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागायचं. म्हणजे दर शुक्रवारी ते तासभर, कधी दोन तास मागे पडायचं. नवी बॅटरी मागवली होती, ती येत नव्हती. म्हणून सरांनी नियम केला होता. शनिवारी सकाळी मी माझ्या मनगटावरच्या घड्याळावरून मशीनची वेळ बरोबर करायची आणि किती मिनिटं पुढे केली ते तिथल्या निळ्या वहीत लिहायचं. ते मनगटी घड्याळ आबांचं. मी बारावी झाले तेव्हा त्यांनी हातातून काढून दिलं होतं. रोज सकाळी सातच्या बातम्यांना मी ते रेडिओशी जुळवते.

त्या शनिवारी मी नव्हते. चुलत बहिणीचा साखरपुडा होता म्हणून आम्ही गावाला गेलो होतो. रविवारी रात्री परत आलो. सोमवारी मी लॅबमध्ये गेले, प्रिंट काढली, फाईलला लावली. घड्याळाचं माझ्या लक्षातच आलं नाही. एवढ्या काळात मी ते काम एकदाच विसरले.

सोमवारी दुपारी साडेबाराला लॅबमध्ये मी एकटी होते. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेच्या नमुना प्रश्नांची एक फाईल मला कुठेतरी सापडली होती. ती उतरवून घ्यायला लावली. केवढी आहे ते मी बघितलं नाही. खरं म्हणजे बघायचं असतं हेच मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. सगळ्यांनी वापरायच्या लाईनवर असं करायला मनाई होती, हे मात्र माहीत होतं. वाटलं, पाच-दहा मिनिटांत होईल. तास झाला तरी अर्धीच आली होती. तासाची घंटा झाली, मी घाबरून ती बंद केली आणि वर्गात गेले.

त्याच तासाभरात ऑफिसमधून विद्यापीठाला परीक्षेची यादी पाठवायची होती. ती गेली नाही. लाईन तुंबली होती. प्राचार्यांना दुपारी कळलं आणि ते सरांना सगळ्यांसमोर बोलले.

मंगळवारी सरांनी मला बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"कालचा दिवस काढ. लाईन कोणी खाल्ली ते मला कळलं पाहिजे."

मी दिवसाचा ग्राफ काढला. मला वाटलं, आता साडेबाराचा उंचवटा दिसणार आणि वहीत त्या वेळेला माझीच सही आहे. पण साडेबाराला रेषा तळाशी होती. उंचवटा होता तो सकाळी, दहा चाळीसच्या सुमाराला सुरू झालेला, सव्वा तासाचा, मोठा, हिरवा.

सरांनी लॅबची वही उघडली. पावणेअकरा ते बारा, एकच सही. माझ्या मैत्रिणीची.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी खरं लिहिणार आहे, नाहीतर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझी फाईल अर्धीच आली होती, म्हणजे ती लहान असेल, ग्राफवर उमटलीही नसेल, अशी मी मनाची समजूत काढली. तासभर चाललेली फाईल ग्राफवर अजिबात दिसत नाही, असं कसं होईल? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. अगदी स्पष्ट आला होता. मी तो विचारला नाही.

सरांनी तिला बोलावलं.

"मी नाय केला सर काय. मी जर्नलचा टायपिंग करत व्हते."

"ग्राफ समोर आहे. बघ. ही वेळ, ही सही."

तिने ग्राफ बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "तू सांग नं गो. मशीन चुकत नाय का कवा?"

सरही माझ्याकडे बघत होते. "काय, हवामान खातं?"

मी म्हणाले, "नाही सर. मशीन मोजतं ते बरोबरच असतं."

हे माझं वाक्य. मोजतं ते बरोबरच असतं, हे खोटंही नव्हतं. उंचवटा खराच होता. त्याच्याखाली लिहिलेली वेळ तेवढी चुकली होती.

तिला वर्षअखेरपर्यंत लॅब बंद झाली. प्राचार्यांच्या सांगण्यावरून घरी पत्र गेलं. सर वाईट नाहीत. ते मला म्हणाले होते, "एका पत्राने काय होतंय, समज मिळेल." त्यांना तिच्या घरची अट माहीत नव्हती. मला माहीत होती. तेही मी बोलले नाही. चौथ्या दिवसापासून ती आली नाही. मी शिरवण्याला तिच्या घरी गेले तेव्हा तिची आई ओट्यावर मासळी साफ करत होती. तिने मला आत बोलावलं नाही. "ती आता नाय येवाची कालेजान. तिचा बापूस आयकत नाय," एवढंच म्हणाली. आतून तिचा आवाज आला नाही, पण दाराच्या आत तिच्या चपला होत्या.

मे महिन्यात तिचं उरणकडे लग्न झालं. पत्रिका वर्गाच्या नावाने आली होती. मी गेले नाही.

या वर्षभरात मी रोज ग्राफ बघत होते. जुने दिवस तसेच्या तसे राहत नाहीत, हे तेव्हा कळलं. मशीनला सगळं सांभाळायला जागा नसते. दिवसाच्या ग्राफात पाच-पाच मिनिटं दिसतात, आठवड्याच्यात अर्धा-अर्धा तास, महिन्याच्यात दोन-दोन तास. वर्षाच्या ग्राफात एका दिवसाची एकच सरासरी उरते. त्या सोमवारचा उंचवटा आठवड्यात बुटका झाला, महिन्यात आणखी बसला आणि वर्षाच्या ग्राफात शेजारच्या दिवसांपेक्षा जेमतेम नखभर वर राहिला. तिथे वेळच नव्हती. सकाळ की दुपार, हे कोणालाच कळलं नसतं. खोटं सांगत नाही, मला ते बघून बरं वाटायचं.

मग यंदा जुलैत नवी बॅटरी आली. बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "घड्याळ कधीपासून मागे पडतंय? किती पडतंय?" मी त्याला सांगायला निळी वही उघडली आणि मागची पानं चाळू लागले. सगळीकडे माझं अक्षर. शनिवार, शनिवार, शनिवार. एका पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत दुसरं अक्षर होतं; पुढच्या शनिवारी मी सरळ नवं पान काढून लिहिलं होतं, मागे बघितलं नव्हतं. उजवीकडे झुकलेलं, प्रत्येक आकडा दोनदा गिरवलेला.

'मंगळवार. सकाळी ८.४०. घड्याळ १ तास ५० मिनिटे मागे होते. पुढे केले.' आणि खाली तिची सही.

त्या मंगळवारी, मला सरांनी बोलवायच्या आधी, ती लवकर आली होती. मशीनचं घड्याळ चुकलेलं तिला दिसलं. मी गावाला गेले होते, माझं काम राहिलं असेल, हे तिने ओळखलं. तिने ते केलं आणि नियमाप्रमाणे वहीत लिहिलं. मला सांगण्याइतकं ते तिला मोठं वाटलं नसेल, आणि सरांसमोर उभं केल्यावर घाबरून ते तिला आठवलंही नसेल. मी तिच्यावर जो ग्राफ धरला, तो खोटा ठरवणारी ओळ तिच्याच अक्षरात त्याच्या काही तास आधी लिहिलेली होती. ती वही मशीनच्या शेजारी, माझ्या कोपराशी होती.

दहा चाळीसमध्ये एक तास पन्नास मिनिटं मिळवली की साडेबारा होतात. एवढी बेरीज आबासुद्धा बोटांवर करतील.

बॅटरीवाला विचारत होता, "काय मॅडम, सापडलं का?"

मी म्हणाले, "दर आठवड्याला पडतंय."

त्याच दिवशी मी सरांना वही दाखवली. माझ्या फाईलचंही सांगितलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून ती वाचली, बेरीज केली. मग म्हणाले, "घड्याळाचं मला सुचायला हवं होतं. नियम माझाच होता." मी म्हटलं, सर, एक पत्र द्या, चूक आमची होती असं. त्यांनी प्राचार्यांशी बोलून पत्र दिलं. मलाही लॅब बंद करा, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "त्याने काय होणार?" आणि किल्ली माझ्याकडेच ठेवली. मला वाटतं, तीच शिक्षा मोठी आहे, पण तसं त्यांच्या मनात नसेल.

ती नारळी पुनवेला माहेरी येणार आहे, असं तिच्या आईकडून कळलं. मी ते पत्र आणि वहीच्या पानाची झेरॉक्स घेऊन गेले. या वेळी तिने स्वतः दार उघडलं. जरा भरली होती, हातात हिरव्या बांगड्या होत्या. वडील बाहेर गेले होते. आम्ही मागच्या पडवीत बसलो. मी सगळं एका दमात सांगितलं. घड्याळ, फाईल, मनात आलेला आणि न विचारलेला प्रश्न, आणि तिच्या घरची अट माहीत असून गप्प बसले तेही.

ती झेरॉक्स बघत होती. स्वतःच्या अक्षरावरून तिने बोट फिरवलं.

"मी तर ईसरूनच गेले व्हते हा लिवलेला," ती म्हणाली. मग, "कसली व्हती गो तुझी फाईल?"

"प्रवेश परीक्षेचे प्रश्न."

"मिलली का पुरी?"

"नाही. अर्धीच आली. उघडलीच नाही."

ती हसली. पूर्वी वर्गात हसायची तशीच, खांदे हलवून. मला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि मला हलकं वाटेल. तिने शिव्या दिल्या नाहीत. हसता हसता पदराने नाक पुसलं आणि पत्राची घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"हा नको ठेवू हितं. बापसाचे हाती लागंल."

"त्यांना कळायलाच हवं ना. तुझी काही चूक नव्हती."

"म्हनूनच नको," ती म्हणाली. "आता त्याचे मनान असा हाय, का पोर चुकली, मी बरोबर केला. तसाच राहू दे. हा वाचला तं म्हातारा झोपंल का? मना परत कालेजान धाडता येनार हाय का त्याला?"

मी पत्र पिशवीत ठेवलं. पत्र मिळालं की काहीतरी भरून निघेल, असं मी महिनाभर धरून चालले होते. ते कोणाला द्यायचं, हा विचार मी केलाच नव्हता. जिच्यासाठी आणलं, तिला ते घरात ठेवताही येत नव्हतं.

तिने चहा केला. आम्ही चहा प्यायलो. तिने वर्गातल्या दोन-तीन जणींची चौकशी केली. माझ्या आईने दिलेली दशमी तिने घेतली, पण ढालीची थट्टा केली नाही. मी निघाले तेव्हा तिने दारात विचारलं, "किती वाजलं?"

मी आबांचं घड्याळ बघितलं. "पाच वीस."

"बरोबर हाय नं?"

तिने टोमणा मारला की सहज विचारलं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"सकाळी रेडिओशी लावलंय," मी म्हणाले.

"मंग ठीक," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ते पत्र माझ्या जर्नलमध्ये आहे. नवी बॅटरी चांगली आहे, मशीनचं घड्याळ आता मागे पडत नाही. तरी मी शनिवारी जाऊन बघते आणि निळ्या वहीत लिहिते, ० मिनिटे. वर्षाच्या ग्राफात तो सोमवार रोज थोडा डावीकडे सरकतो आहे. काल तो अगदी कडेला होता; आता एक-दोन दिवसांत ग्राफातून निघून जाईल. मी त्या ग्राफची प्रिंट काढली नाही. उभी राहून बघत होते, तेवढ्यात तासाची घंटा झाली.